उजनी मायनसमध्ये असताना : भीमेच्या पोटातल्या वास्तूंची भटकंती

धरणातला साठा शून्याच्याही खाली कसा जातो, हे उजनीच्या परिसराबाहेरच्या माणसाला समजावून सांगावे लागते. भीमा नदीवरच्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा आहे. उपयुक्त साठा संपला की आकडा शून्यावर येतो आणि मृतसाठ्यातून पाणी उचलले जाऊ लागले की तो वजा टक्क्यांत मोजतात. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांच्या सीमेवर चहाच्या टपरीपासून तहसील कचेरीपर्यंत सगळीकडे त्याच अर्थाने बोलले जाते. २०२३ च्या अपुऱ्या पावसात धरण पूर्ण भरलेच नव्हते आणि पुढचा उन्हाळा लागण्याआधीच ते मायनसमध्ये गेले. काठच्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने ही वाईट बातमी होती. पडके वाडे, ओस गढ्या आणि बंद पडलेल्या शाळांची छायाचित्रे काढत हिंडणाऱ्या आमच्या गटाला मात्र तिच्यातून एवढेच कळत होते की, १९८० च्या सुमारास धरण पूर्ण झाले तेव्हा पाण्याखाली गेलेली देवळे, वाडे आणि घरांची जोती या उन्हाळ्यात उघडी पडणार. या दोन गोष्टी एकाच वेळी मनात बाळगणे सोपे नव्हते आणि प्रवासभर ते अवघडलेपण सोबत राहिले.

आमच्यात एक वास्तुरचनाकार मैत्रीण, एक शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई, बँकेत नोकरी करणारा आणि सुट्टी मिळाली की पक्ष्यांमागे धावणारा एक मित्र आणि मी, असे चौघे होतो. इंदापूर आणि करमाळा भागातले लोकसभेचे मतदान ७ मे रोजी झाले होते, पुण्याचे १३ मे रोजी व्हायचे होते आणि मध्ये अक्षय्य तृतीयेला जोडून आलेला शनिवार-रविवार होता. तेवढ्यात बसेल असा बेत आखला.

शुक्रवार, १० मे : पळसदेव

पुण्याहून सोलापूर महामार्गाने पळसदेव सुमारे १२० किलोमीटर आहे. पहाटे चारच्या आधी निघाल्यामुळे उजाडताना आम्ही जलाशयाच्या काठावर होतो. अर्थात त्या दिवसांत काठ कुठे संपतो आणि तळ कुठे सुरू होतो, हे सांगणे कठीणच होते. एरवी पाणी असते त्या जागी कोरड्या, भेगाळलेल्या गाळाचा विस्तीर्ण पट्टा पसरलेला होता. त्यावरून पाण्यामागे धावत गेलेले पाइप आणि वीजपंपांच्या केबली दिसत होत्या. पाणी जसजसे मागे हटते, तसतशा मोटारी खाली सरकवाव्या लागतात, पाइप जोडावे लागतात, चर खोदून पाणी मोटारीपर्यंत आणावे लागते. आणि हा सगळा खर्च पीक हाती येण्याआधीचा असतो. उसाला पाणी मिळावे म्हणून रात्रभर जागलेले दोन तरुण एका मोटारीपाशी बसले होते. आमच्या ट्रायपॉडकडे पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “पंचनाम्याला आलाय का?” नाही म्हटल्यावर त्यांचा आमच्यातला रस संपला, पण देवळाकडे जाणारी कोरडी वाट त्यांनीच दाखवली.

इथे एक सूचना आवश्यक आहे. वरून वाळलेला दिसणारा गाळ पाण्याच्या जवळ गेल्यावर आतून मऊ असतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. गुरांच्या किंवा मासेमारी करणाऱ्यांच्या पाऊलवाटेवरूनच चालावे, हातात काठी ठेवावी आणि जमिनीवर पडलेल्या कोणत्याही केबलीवर पाय देऊ नये, कारण तिच्यातून वीज वाहत असण्याचीच शक्यता अधिक.

पळसनाथाचे देऊळ दुरून दिसते ते त्याच्या शिखरामुळे. खालचे बांधकाम घडीव दगडाचे आहे आणि त्यावर पक्क्या विटांचे भूमिज धाटणीचे, म्हणजे लहान शिखरांच्या एकावर एक रांगा रचलेले, उंच शिखर आहे. धरण झाले तेव्हा देव नव्या गावात हलवला गेला. देऊळ मागे राहिले. दरवर्षी पाण्यात जाणे आणि कधीतरी उन्हाळ्यात बाहेर येणे, असा त्याचा क्रम चार दशकांहून अधिक काळ चालला आहे. शिखराचा गिलावा बराचसा निघून गेला असला, तरी विटांची जोडणी अजून घट्ट आहे. वास्तुरचनाकार मैत्रीण त्या विटांकडे पाहत बराच वेळ उभी होती. तिचे म्हणणे असे की, बांधकामाला केवळ पाणी तेवढे घातक नसते. भिजणे आणि वाळणे यांचे आलटून पालटून येणारे फेरे अधिक घातक असतात, त्यामुळे कायम पाण्याखाली राहणाऱ्या पायापेक्षा पाण्याची पातळी जिथे वर-खाली होते तो मधला भाग आधी ढासळतो. सभामंडपाच्या खांबांवर गाळाचे आडवे पट्टे होते. नक्षीच्या खोबणींत शिंपले अडकून बसले होते आणि परिसरात वीरगळ व सतीशिळा, म्हणजे वीरांच्या आणि सती गेलेल्यांच्या स्मृतिशिळा, गाळात अर्धवट रुतलेल्या होत्या.

पुढे भेगाळलेली जमीन आणि मागे देऊळ, ही चौकट त्या उन्हाळ्यात असंख्य मोबाइलांवरून फिरत होती. आम्हीही ती घेतली आणि मग देवळाकडे पाठ करून गावाकडे वळलो. गाव म्हणजे दगडांच्या ओळी होत्या. मला तरी त्यात ओळीपलीकडे काही दिसत नव्हते.

दिसू लागले ते नानांमुळे. डोक्यावर टोपी, हातात काठी आणि बोटावर तीन दिवसांपूर्वीची मतदानाची शाई असे सत्तरीकडे झुकलेले हे गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. सणाच्या दिवशी सकाळी इकडे कसे, असे बाईंनी विचारल्यावर ते म्हणाले, “गाव वर आलंय म्हणल्यावर बघून यावं म्हणलं. पोराला दावायचं हुतं.” गाव उठले तेव्हा ते विशी-पंचविशीचे होते. त्यांनी काठीने जमिनीवर रेघ ओढावी तशी बोळाची दिशा दाखवली आणि चालू लागले. चालताना एकेका दगडी ओळीपाशी थांबून ते घराच्या धन्याचे आडनाव सांगत. बाईंनी वही काढून बोळाचा नकाशा काढायला सुरुवात केली तेव्हा ते अधिक काटेकोर झाले. एका ठिकाणी चार पावले मागे जाऊन, हे जोते सुताराचे आहे की त्याच्या शेजाऱ्याचे, हे त्यांनी पुन्हा तपासले.

स्वतःच्या घराच्या जोत्यावर चढण्याआधी त्यांनी वहाणा काढल्या. वर छप्पर नव्हते, भिंती नव्हत्या, पायाखाली फक्त वाळलेला गाळ होता. आम्ही चौघेही बूट घालून तिथे उभे होतो आणि कोणी काही न बोलता आम्हीही ते काढले. “ही ओसरी. हितं माजघर. त्या कोपऱ्याला चूल. आन् हा देव्हारा,” असे म्हणत ते जिथे थांबले ती जागा इतरांपेक्षा वेगळी ओळखण्याची काहीच खूण नव्हती. त्या जागी उभे राहून त्यांनी नातवाला सांगितले की, तुझ्या पणजीने तिथून उठायला नकार दिला होता आणि शेवटी पाणी वेशीत आल्यावर तिला बैलगाडीत बसवावे लागले. नातवाने विचारले, “मग चूल कुणी आणली?” नानांनी हसून उत्तर दिले की, चूल आणत नसतात, नवी घालतात.

आम्ही तोवर काढलेली सर्व छायाचित्रे रिकाम्या वास्तूंची होती. आमच्या गटाचा तो जवळजवळ नियमच होता. त्या सकाळी तो मोडला. चौकटीत माणूस आल्याशिवाय त्या दगडांच्या ओळींना खोल्यांची मापे मिळत नव्हती. नानांना ओसरीच्या जागी बसवून, जमिनीपासून हातभर उंचीवर कॅमेरा ठेवून घेतलेल्या छायाचित्रात घर कळते. उभ्याने घेतलेल्यात केवळ दगड दिसतात.

दुपारी त्यांनी नव्या गावातल्या घरी जेवायला नेलेच. अक्षय्य तृतीयेला त्या घरी पितरांचे पान असते. पाण्याने भरलेल्या मातीच्या करा-केळीची पूजा झाली होती आणि पुरणपोळी, येळवणीची आमटी, कुरडया व आमरस असा बेत होता. “तुमी आमच्या जुन्या घरी जाऊन आलात, आता नव्या घरी दोन घास खाऊन जा,” असे म्हणत काकूंनी जो आग्रह केला, त्यापुढे बँकवाल्या मित्राच्या पथ्याचे काही चालले नाही. जेवणानंतर बाईंनी काढलेला नकाशा घरात फिरला. शेजारून आणखी दोन वृद्ध आले, सुताराच्या जोत्यावरून वाद झाला आणि नकाशावर खाडाखोड करून तो अखेर सर्वानुमते पक्का झाला. संध्याकाळी भिगवणजवळच्या कुंभारगावात मुक्काम केला. रोहित पक्षी बहुतेक निघून गेले होते, मागे राहिलेल्या थोड्यांच्या मागे मित्र अंधार पडेपर्यंत हिंडला, आणि आम्ही बाकीचे लवकर झोपलो.

शनिवार, ११ मे : डिकसळचा पूल आणि एक वाडा

सकाळी निघताना आधी डिकसळच्या पुलापाशी थांबलो. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये डिकसळपर्यंत आला आणि भीमा ओलांडून पुढे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. दगडी पायांचा हा पूल त्या मार्गावरचा. उजनीच्या पाण्यामुळे लोहमार्ग दुसरीकडून नेला गेला आणि रेल्वेचा पूल रस्त्याचा झाला. तो पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्याला सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याशी जोडत होता आणि जड वाहनांना त्यावर तेव्हा बंदी होती. पाणी उतरल्यामुळे पुलाचे पाय नेहमीपेक्षा बरेच खालपर्यंत उघडे होते. काठावर चिलापी मासे साफ करणाऱ्या बायकांनी, “पुलाचं काय फोटो काढताय, पडायला झालाय म्हणून का?” असे विचारले. पूल अरुंद आहे, वर थांबून छायाचित्रे घेऊ नयेत. काठावरून सकाळी सातच्या आत चांगला प्रकाश मिळतो.

पलीकडच्या तालुक्यात केळीच्या बागा आणि ऊस यांच्यामधून जाणाऱ्या रस्त्याने आम्ही ज्या गावात गेलो, त्याचे नाव इथे मुद्दाम देत नाही. जुन्या वाड्यांचे कोरीव खांब, हस्त (तुळईखालचे कोरीव आधार) आणि दारे यांना शहरातल्या सजावटीच्या बाजारात चांगली किंमत येते. छायाचित्राखाली गावाचे नाव घालणे म्हणजे गिऱ्हाइकाला पत्ता देणे, हे आम्ही आता पुरते शिकलो आहोत. या वाड्याच्या मालकांची पुढची पिढी शहरात आहे. त्यांची परवानगी आधी फोनवर घेतली होती आणि त्यांनी त्यांच्या शेताच्या वाटेकऱ्याला कळवून ठेवले होते.

वाडा चौसोपी. देवडीतून, म्हणजे प्रवेशदारातून, आत शिरल्यावर चौक आणि चारही बाजूंना सोपे, म्हणजे चौकाकडे उघडणारे ओसरीसारखे भाग. खालचे बांधकाम काळ्या घडीव दगडाचे, वरचे पांढऱ्या मातीच्या भेंड्यांचे, म्हणजे कच्च्या विटांचे, आणि छप्पर माळवदाचे, म्हणजे सपाट मातीचे. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या उतरत्या कौलांची सवय असलेल्या डोळ्यांना ही सपाट छपरे आधी अपुरी वाटतात. पण कमी पावसाच्या या मुलखात ती उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहतात, शिवाय धान्य वाळवायला अंगण वर मिळते. लाकडी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर दाटीने बसवलेल्या किलचा (लाकडाच्या बारीक चिरफळ्या), त्यांवर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असते. वास्तुरचनाकार मैत्रिणीने एका कोसळलेल्या खणाच्या, म्हणजे दोन तुळयांमधल्या छपराच्या भागाच्या, कडेला उभे राहून आम्हाला हे थर मोजून दाखवले. कोसळलेले छप्पर हाच त्याचा उभा छेद असतो आणि धडधाकट घरात तो कधीच पाहायला मिळत नाही.

असा वाडा पडतो कसा, हे मात्र वाटेकऱ्याने तिच्याहून चांगले सांगितले. माळवदावर दर पावसाळ्याआधी नवी माती ओढावी लागते, उगवलेले गवत उपटावे लागते आणि पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात. धनी शहरात गेले, की पहिल्या वर्षी हे काम राहते. दुसऱ्या वर्षी गवताच्या मुळांवाटे पाणी किलचांपर्यंत पोहोचते, मग कडी कुजते आणि एका रात्री खण खाली येतो. वरचे छप्पर गेले, की मातीच्या भिंतीला वाली उरत नाही. “माणूस राहिलं तर वाडा राहतो. मी पुढचा सोपा धरलाय म्हणून तेवढा उभा हाय,” असे ते म्हणाले आणि ते शब्दशः खरे होते. त्यांच्या शेळ्या, कडब्याच्या पेंढ्या आणि एक जुनी लुना ज्या सोप्यात होती, तो अगदी ठणठणीत होता. त्याला लागूनच्या सोप्यात आकाश दिसत होते.

आम्ही तिथे पुरता दिवस घालवला. माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत धान्य साठवण्याचे बळद होते. त्याचे वरचे तोंड फळीने झाकलेले आणि खालचे, धान्य काढायचे, गोल भोक लाकडी बुचाने बंद केलेले होते. तिथे प्रकाश इतका कमी होता की, तीस सेकंदांचे छायाचित्र घ्यावे लागले. फ्लॅश वापरला नाही, कारण वर वटवाघळे होती आणि फ्लॅशने अंधार तेवढा उजळतो, खोलीचा पोत मरतो. चौकात उन्हाचा झोत आणि सोप्यात काळोख, असा टोकाचा फरक असेल तेव्हा एकाच चौकटीची कमी-अधिक प्रकाशातली तीन-चार छायाचित्रे घेऊन ती नंतर जोडणे उपयोगी पडते. मात्र जोडताना सावल्या इतक्याही उजळू नयेत, की वाडा हॉटेलसारखा दिसू लागेल.

ज्यांना असे वाडे पाहायचे आहेत त्यांच्यासाठी आणखी काही सांगतो. जिना कितीही भक्कम दिसला, तरी वरच्या मजल्यावर जाऊ नये, आणि माळवदावर तर कधीच पाय ठेवू नये. आत शिरण्याआधी उंबऱ्यावर काठी आपटावी, ढिगाऱ्यात हात घालू नये. खांबांच्या वर आणि देवडीच्या कमानीत मोहोळ आहे का, ते आधी पाहावे. असेल तर अत्तर, धूर आणि ड्रोन या तिन्ही गोष्टी निषिद्ध. गावात गेल्यावर आधी पारावर बसावे, चहा घ्यावा, आपण कोण आणि कशाला आलो ते सांगावे. ओस पडलेल्या घरालाही सातबारा असतो, भाऊबंदकी असते आणि कित्येकदा कोर्टात दावाही चालू असतो. आपले छायाचित्र त्यात कोणाच्या तरी बाजूचा पुरावा समजले जाऊ शकते. ‘भुताचा वाडा’ अशी मथळ्याची भाषा तर टाळावीच. तशा ओळी वाचून रात्री दारूच्या बाटल्या घेऊन येणाऱ्या टोळक्यांचा त्रास शेवटी वाटेकऱ्यालाच होतो.

चारच्या सुमारास पश्चिमेला आभाळ भरून आले आणि अर्ध्या तासात वळीव कोसळला. आधी धुळीची वावटळ, मग टपोरे थेंब आणि मग काही काळ गारा. कॅमेरे पोटाशी धरून आम्ही पुढच्या सोप्यात शेळ्यांच्या शेजारी उभे राहिलो. पडक्या सोप्याच्या उघड्या भिंतीवरून पांढऱ्या मातीचे ओघळ चौकात वाहत होते. वाटेकऱ्याने जे शब्दांत सांगितले होते, ते आता डोळ्यांसमोर घडत होते. त्या पाऊण तासात ती भिंत किती झिजली असेल, हे मोजायला साधन नव्हते. पण चौकातले पाणी ताकासारखे पांढरे झाले होते. वीज गेलेलीच होती. वाटेकऱ्याच्या घरच्या मावशींनी चुलीवर पिठले टाकले, ज्वारीच्या भाकरी थापल्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची धार धरून ताटे पुढे केली. “वाड्याचं लाकूड जाळलं असतं तर मागंच जळलं असतं, पर धनी म्हणले राहू द्या,” असे त्या भाकरी परतता परतता सहज बोलल्या. चुलीत बाभळीचेच जळण होते.

रविवार, १२ मे : कुगाव

कुगाव हे करमाळा तालुक्यातले, जलाशयाच्या अगदी काठावरचे गाव. तिथला इनामदारांचा गढीवजा वाडा धरणाच्या पाण्यात गेला आणि पातळी फार खाली गेली, की दगडी तट आणि बुरुजांसह वर येतो. आम्हाला सकाळचा प्रकाश हवा होता. पण आदल्या दिवशीच्या वळवाने गाळाची वाट निसरडी झाली होती, ती थोडी वाळेपर्यंत थांबावे लागले आणि वाड्यापाशी पोहोचायला साडेअकरा वाजले. मे महिन्याच्या मध्यावर भर दुपारी वास्तूंची छायाचित्रे कोणी काढत नाही. ऊन डोक्यावर असते, सावल्या नसतात आणि सगळे सपाट दिसते, असा सर्वसाधारण समज आहे.

बाईंनी आठवण करून दिली, की या अक्षांशावर शून्य सावलीचा दिवस याच सुमारास येतो. सूर्य उत्तरेकडे सरकताना ज्या दिवशी त्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, आपल्या अक्षांशाइतकी होते, त्या दिवशी तो माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. कुगाव सव्वाअठरा अंश उत्तरेच्या आसपास आहे आणि १२ मे ही त्याची तारीख. साडेबाराला काही मिनिटे कमी असताना ट्रायपॉडची सावली त्याच्याच पायांत गोळा झाली, मित्राची सावली त्याच्या बुटांखाली गेली आणि त्याच वेळी मैत्रिणीने तटाच्या एका भागाकडे बोट दाखवले. तिथे भिंतीच्या पायाशी उत्तरेला वीतभर रुंदीची काळी पट्टी होती. सूर्य थेट डोक्यावर असताना ओळंब्यात असलेल्या भिंतीची सावली पडत नाही. ज्या भिंतीची पडते, ती त्या बाजूला कललेली असते, आणि पट्टीची रुंदी म्हणजे तिचा कल. डोळ्यांना सरळ दिसणारा तो तट किती झुकला आहे, हे उन्हाने जमिनीवर आखून दिले होते. पुढची काही मिनिटे आम्ही वाड्याभोवती धावत सुटलो. कोणती भिंत सावली देते आणि कोणती देत नाही, याच्या नोंदी केल्या आणि प्रत्येकीचे छायाचित्र घेतले. शिवाय भिंतीला घासून खाली येणाऱ्या त्या प्रकाशात दगडावरचा टाकीचा प्रत्येक घाव उठून दिसत होता. सकाळच्या कोवळ्या उन्हात हा पोत मिळाला नसता. पुण्यातही हा दिवस मे महिन्याच्या मध्यावर येतो. एखाद्या जुन्या वाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी पुढच्या वर्षी अवश्य पाहावे.

दुपारी गावातल्या एका घरी चिलापीचे कालवण आणि भाकरी खाल्ली. चिलापी काटेरी असते. घाईने खायचा मासा तो नव्हे. जेवणानंतर पाण्यातून वाड्याचे छायाचित्र घ्यावे, अशी आमची इच्छा होती. नाववाल्या दादांनी आभाळाकडे पाहिले आणि नकार दिला. “दुपारनंतर वारं कवा सुटंल सांगता येत न्हाई. लाटा समुद्रावानी उठत्यात. सकाळी या, नेतो.” पैसे वाढवून देण्याचा विचारही बोलून दाखवू नये, असा तो नकार होता. दुसऱ्या दिवशी मतदान असल्याने आम्ही टेंभुर्णीमार्गे महामार्गाला लागलो आणि रात्री पुण्यात पोहोचलो.

त्यानंतर नऊ दिवसांनी, २१ मे रोजी, कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात जलाशयात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्या काठच्या लोकांना रस्त्याने फार मोठा वळसा पडतो, म्हणून रोजच्या कामासाठीही ते नावेने जातात. हौसेने जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. छायाचित्रांसाठी नावेत बसायचे असेल, तर सकाळीच बसावे, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय नाव हलू देऊ नये आणि नाववाला नको म्हणत असेल तर विषय तिथेच संपवावा.

उजनी त्या उन्हाळ्यात वजा साठच्या जवळ पोहोचली आणि पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, शंभर टक्के भरली. तेव्हा ही ठिकाणे पाहायची असल्यास पुढच्या टंचाईच्या वर्षापर्यंत थांबावे लागेल. तोवर करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतले पाण्याबाहेरचे वाडे बघण्यासारखे आहेत आणि त्यांच्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

नानांना आम्ही ओसरीवरच्या त्या छायाचित्राची प्रत आणि बोळाचा सुधारलेला नकाशा पाठवला होता. त्यांच्या नातवाचा फोन आला. छायाचित्र आवडले होते, पण मागणी नकाशाची होती. भावकीतल्या प्रत्येक घराला एकेक प्रत हवी होती, मोठ्या आकारात आणि काच लावून, आणि सुताराचे जोते ज्यांनी शेजाऱ्याचे म्हटले होते, त्यांच्याही घरी एक.